अ, ॲन, द : आधी वचन बघा, मग आर्टिकल लावा

सोलापुरातून बाहेर जाणारा इंग्रजी मेल टॉवेलच्या ऑर्डरचा असो नाहीतर नोकरीच्या अर्जाचा, त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘वी हॅव फॅक्टरी इन सोलापूर.’ अर्थ पोचतो. पण वाचणारा पहिल्याच ओळीत अडखळतो, कारण फॅक्टरी एक आहे की दोन-चार, हे त्याला कळत नाही. एक असेल तर ‘अ फॅक्टरी’, जास्त असतील तर ‘फॅक्टरीज’. नुसती ‘फॅक्टरी’ या वाक्यात बसतच नाही.

आपल्याकडे आर्टिकल चुकतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या आधी वचन चुकलेलं असतं. शाळेत मात्र धडा उलट्या टोकाने सुरू होतो : स्वर कोणते, व्यंजनं कोणती, कुठे ‘अ’, कुठे ‘ॲन’. तो भाग सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात शेवटी येतो. लिहिताना प्रश्न या क्रमाने विचारायचे. ही वस्तू इंग्रजीत मोजता येते का? येत असेल तर इथे ती एक आहे की अनेक? आणि मग, आपण कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हे समोरच्याला माहीत आहे का?

उत्तरं आली की निवड फारशी उरत नाही. मोजता येणारं नाम एकवचनी असेल तर त्याच्यापुढे ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’ लागतं. उघडं ठेवायचं नाही. ‘माय’, ‘अवर’, ‘धिस’, ‘दॅट’, ‘ईच’, ‘एव्हरी’ यांपैकी काही आधीच पुढे असेल तर आर्टिकलची जागा भरलेली असते. ‘माय अ फ्रेंड’ होत नाही आणि ‘धिस द टॉवेल’ही होत नाही. अनेकवचनी नाम उघडं चालतं किंवा ‘द’ घेतं, ‘अ’ मात्र घेत नाही. न मोजता येणारं नामही उघडं किंवा ‘द’सह येतं. त्याला ‘अ’ लागत नाही आणि शेवटी ‘एस’ही लागत नाही.

एक की अनेक : मराठी क्रियापदाला विचारा

टॉवेल, माग, कामगार, डॉक्टर, दगड. मराठीतली ही पुल्लिंगी नामं एकवचनात आणि अनेकवचनात सारखीच दिसतात. एक टॉवेल, पाच टॉवेल. म्हणून इंग्रजी लिहिताना ‘ट्वेंटी लूम’ आणि ‘फाइव्ह टॉवेल’ बोटांतून आपोआप निघतं. चादरीचं तसं नाही. एक चादर, पाच चादरी, रूप बदलतं. त्यामुळे तिथे ‘चादर्स’ लिहायचं सहसा विसरत नाही. म्हणजे जास्त लक्ष द्यायचं ते रूप न बदलणाऱ्या शब्दांकडे.

यावर उपाय सोपा आहे. तेच वाक्य मराठीत म्हणा आणि क्रियापद ऐका. ‘टॉवेल आला’ की ‘टॉवेल आले’? ‘माग बंद आहे’ की ‘माग बंद आहेत’? नाम लपवतं ते क्रियापद उघड करतं. ‘आला’ म्हणालात तर ‘अ’ किंवा ‘द’ लागणारच. ‘आले’ म्हणालात तर शेवटी ‘एस’ लागणार आणि ‘अ’ची वाट बंद.

ही युक्ती तीन ठिकाणी फसवते.

पहिली जागा आदराची. ‘डॉक्टर आले’, ‘साहेब बसलेत’ यांत क्रियापद अनेकवचनी आहे, माणूस एकच. इंग्रजीत ‘द डॉक्टर हॅज कम’ असंच म्हणायचं.

दुसरी जागा जास्त नुकसान करते. काही वस्तू मराठीत अनेकवचनी चालतात आणि इंग्रजीत मोजल्याच जात नाहीत. आपण म्हणतो पैसे दिले, केस गळतात, दागिने केले, तांदूळ निवडले, गहू दळले, कामं उरली, बातम्या ऐकल्या, सल्ले दिले. इंग्रजीत मनी, हेअर, ज्वेलरी, राइस, व्हीट, वर्क, न्यूज, ॲडव्हाइस हे सगळं न मोजता येणारं. ‘हेअर्स आर फॉलिंग’ नव्हे, ‘माय हेअर इज फॉलिंग आउट’. ‘मेनी वर्क्स आर पेंडिंग’ नव्हे, ‘अ लॉट ऑफ वर्क इज पेंडिंग’. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ दिसतो म्हणून ते अनेकवचन समजू नका : ‘द न्यूज इज गुड’. मोजायचीच वेळ आली तर पुढे मोजता येणारा शब्द जोडायचा : ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ ज्वेलरी’, ‘अ ग्रेन ऑफ राइस’. काम मोजायचं असेल तर शब्दच बदला. ‘अ वर्क’ चुकीचं, ‘अ जॉब’ किंवा ‘अ टास्क’ बरोबर.

याच रांगेत आणखी काही शब्द आहेत. त्यांना ‘एस’ लावायची सवय आपल्याकडे ऑफिसांत आणि दुकानांच्या पाट्यांवर पक्की झाली आहे : फर्निचर्स, इक्विपमेंट्स, मशिनरीज, इन्फर्मेशन्स, लगेजेस, स्टेशनरीज, फीडबॅक्स. यांपैकी एकालाही ‘एस’ लागत नाही आणि ‘अ’ही लागत नाही. ‘अ न्यू मशिनरी’ लिहायचा मोह झाला तर ‘अ न्यू मशीन’ लिहा. एकापेक्षा जास्त यंत्रं असतील तर ‘मशीन्स’, आणि सगळा संच मिळून ‘मशिनरी’.

तिसरी जागा याच्या बरोबर उलट. कात्री, चश्मा, विजार या गोष्टी मराठीत एकवचनी, तर इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘ग्लासेस’, ‘ट्राउझर्स’ या कायम अनेकवचनी. ‘गिव्ह मी अ सिझर’ होत नाही. ‘गिव्ह मी द सिझर्स’ म्हणा, मोजायची असेल तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. शिलाईच्या दुकानात हा शब्द दिवसात कितीदा तरी येतो आणि जवळपास दर वेळी ‘एस’ गळतो.

काही शब्द दोन्हीकडे असतात आणि तिथे आर्टिकल अर्थच बदलतं. ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘एक्सपीरियन्स’ उघडा असेल तर कामाचा अनुभव, ‘ॲन एक्सपीरियन्स’ म्हणजे घडलेला एखादा प्रसंग. बायोडेटात ‘आय हॅव अ गुड एक्सपीरियन्स इन डाइंग’ लिहिलं तर रंगाईच्या खात्यात एकदा काहीतरी छान घडलं होतं असा वास येतो. तिथे ‘गुड एक्सपीरियन्स’ किंवा ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’ हवं.

समोरच्याला माहीत आहे का : मराठीतला शब्दक्रम

मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला ‘अ’ आणि ‘द’मधला फरक कळत नाही, असं शिकवणीत सांगतात. ते खरं नाही. हा फरक मराठी रोज करते, फक्त शब्दांची जागा बदलून करते. ‘टेबलावर टॉवेल आहे’ आणि ‘टॉवेल टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात टॉवेल नव्याने कळतो. दुसऱ्यात आपण त्याच टॉवेलचा शोध घेत होतो आणि तो सापडला. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ टॉवेल ऑन द टेबल’, दुसरं ‘द टॉवेल इज ऑन द टेबल’. अनेकवचनातही हेच चालतं. ‘टेबलावर टॉवेल आहेत’ म्हणजे ‘देअर आर सम टॉवेल्स ऑन द टेबल’, आणि ‘टॉवेल टेबलावर आहेत’ म्हणजे ‘द टॉवेल्स आर ऑन द टेबल’.

‘ला’ प्रत्ययही मदत करतो. ‘मी कामगार शोधतोय’ म्हणजे मिळेल तो चालेल : ‘आय ॲम लुकिंग फॉर अ वर्कर’. जास्त हवे असतील तर ‘वर्कर्स’. ‘मी कामगाराला शोधतोय’ म्हणजे तो ठरावीक आहे, कुठेतरी गेलाय : ‘आय ॲम लुकिंग फॉर द वर्कर’.

तरीही अडलं तर मराठी वाक्यात ‘एखादा’ घालून बघा, मग ‘तो’ घालून बघा. ‘एखादा’ बसला तर ‘अ’. ‘तो’ बसला आणि अर्थ हलला नाही तर ‘द’.

‘द’ ठरतं ते ऐकणाऱ्यावरून, वस्तूवरून नाही. जानेवारीत सोलापुरात कुणी ‘गड्ड्यावर भेटू’ म्हटलं की सिद्धेश्वराची यात्रा, हे सांगावं लागत नाही. गावातल्या माणसाला इंग्रजीत ‘लेट्स मीट ॲट द फेअर’ पुरतं. तेच दुबईच्या गिऱ्हाइकाला लिहिताना आधी ‘देअर इज अ बिग फेअर इन सोलापूर एव्हरी जानेवारी’ असं सांगावं लागतं. पुढच्या वाक्यापासून मात्र तो ‘द फेअर’. एकदा ओळख झाली की ‘अ’ संपतं.

ओळख थेट व्हावी लागते असंही नाही. ‘वी बॉट अ लूम लास्ट मंथ. द मोटर इज नॉइझी.’ मोटरचा उल्लेख आधी झालेला नाही, पण लूम म्हटल्यावर त्याला मोटर असणार हे वाचणाऱ्याला कळतं. म्हणून तिथे पहिल्यांदाच ‘द’ चालतं.

अनेकवचनापुढचं ‘द’ म्हणजे ‘सगळे’

एकवचनापुढचं ‘द’ आपल्याला जमतं. अनेकवचनापुढचं जमत नाही, आणि पैसे तिथेच अडकतात. अनेकवचनी नामापुढे ‘द’ लावलं की अर्थ होतो : आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते झाडून सगळे.

सोलापूरचे चार हुतात्मे घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांच्याबद्दल ‘द फोर मार्टर्स ऑफ सोलापूर’ असंच लिहायचं, कारण त्या घटनेतले ते चार आणि चारच. ‘द’ काढलं तर यादी मोठी आहे आणि त्यातले कुठले तरी चार असं वाटतं. त्यांतल्या एकाबद्दल लिहायचं असेल तर ‘वन ऑफ द फोर मार्टर्स’. इथे ‘वन’ आला म्हणून नाम एकवचनी करायची घाई होते, आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘वन ऑफ द बेस्ट टॉवेल’ असं ऐकू येतं. ‘वन ऑफ’ म्हणजे ढिगातला एक, त्यामुळे ढीग अनेकवचनीच हवा : ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, ‘वन ऑफ द बेस्ट टॉवेल्स’. क्रियापद मात्र एकाचं : ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर’.

आता व्यवहाराकडे. माल पोचल्यावर गिऱ्हाइकाने ‘द टॉवेल्स आर डिफेक्टिव्ह’ लिहिलं तर अख्खी खेप खराब निघाली. ‘सम ऑफ द टॉवेल्स आर डिफेक्टिव्ह’ म्हणजे काही नग. उत्तर देताना आपणही तेवढीच काळजी घ्यायची. ‘वी विल रिप्लेस द टॉवेल्स’ लिहिलंत तर सगळे बदलून द्यायचं कबूल केलंत. ‘वी विल रिप्लेस द डिफेक्टिव्ह टॉवेल्स’ म्हणजे खराब तेवढे, पण ते सगळे.

‘मोस्ट’ची गोष्ट वेगळी काढायला हवी. ‘मोस्ट टॉवेल्स’ बरोबर, ‘मोस्ट ऑफ द टॉवेल्स’ही बरोबर. मधलंच ‘मोस्ट ऑफ टॉवेल्स’ चुकीचं. ‘ऑफ’ आलं की ‘द’, ‘दीज’ किंवा ‘अवर’ असं काहीतरी पाठोपाठ यावं लागतं. ‘सम’, ‘मेनी’, ‘फ्यू’ यांनाही हेच लागू.

सरसकट बोलताना

जगातल्या एकूणएक टॉवेलांबद्दल बोलायचं तर अनेकवचन उघडं ठेवा : ‘कॉटन टॉवेल्स ॲब्झॉर्ब वॉटर’. न मोजता येणारं नामही उघडं : ‘कॉटन इज सॉफ्ट’. हीच वस्तू ठरावीक झाली की ‘द’ येतं : ‘द कॉटन वी बॉट लास्ट वीक इज डॅम्प’. ‘पॉवरलूम्स आर नॉइझी’ हे सगळ्या यंत्रमागांबद्दल, ‘द पॉवरलूम्स इन अवर शेड आर नॉइझी’ हे आपल्या शेडमधल्यांबद्दल.

‘द’ जास्त वापरण्याची चूक इथेच होते. नियम पाठ केलेला विद्यार्थी ‘द लाइफ इज डिफिकल्ट’, ‘द चिल्ड्रन लाइक द स्वीट्स’ असं लिहितो, कारण नाम उघडं ठेवायची त्याला भीती बसलेली असते. उघडं ठेवायचं नाही हे फक्त मोजता येणाऱ्या एकवचनाला लागू आहे.

सरसकट बोलण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. ‘अ लूम नीड्स रेग्युलर ऑइलिंग’ यात कुठलाही एक माग घेऊन सगळ्यांबद्दल बोललं जातं. प्राण्यापक्ष्यांची जात किंवा एखादा शोध सांगताना एकवचनाला ‘द’ लावतात. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक घ्या : ‘द ग्रेट इंडियन बस्टर्ड इज अ लार्ज बर्ड’. हे एका पक्ष्याबद्दल नाही, जातीबद्दल आहे. ‘बस्टर्ड’ला ‘द’ आणि ‘बर्ड’ला ‘अ’ एकाच वाक्यात का, ते नीट बघा. ‘बर्ड’ इथे वर्ग सांगतो : मोठे पक्षी असतात, त्यांतला हा एक.

वर्ग सांगणारं हेच ‘अ’ माणसाच्या कामापुढे हवं. ‘आय ॲम टीचर’, ‘माय फादर इज वीव्हर’ ही आपली घाऊक चूक, कारण मराठीत ‘मी शिक्षक आहे’मध्ये कुठेही ‘एक’ नाही. ‘आय ॲम अ टीचर’, ‘माय फादर इज अ वीव्हर’. अनेकवचनात ‘अ’ गळतं : ‘दे आर वीव्हर्स’. ‘ॲज’नंतरही विसरू नका : ‘शी वर्क्स ॲज ॲन अकाउंटंट’. एकट्याचंच पद असेल तर आर्टिकल सोडलेलं चालतं : ‘ही वॉज इलेक्टेड मेयर’.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल तीन वाक्यं लिहिली की हे सगळं एका जागी दिसतं. ‘डॉक्टर कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन १९१०. ही वेंट टू चायना इन १९३८ ॲज अ मेंबर ऑफ ॲन इंडियन मेडिकल मिशन. ही वॉज वन ऑफ द फाइव्ह डॉक्टर्स इन द मिशन.’ नावापुढे ‘डॉक्टर’ पदवी म्हणून आली, तिथे आर्टिकल नाही. ‘मेंबर’ अनेकांतला एक, म्हणून ‘अ’. ‘मिशन’ पहिल्यांदा आलं तेव्हा ‘ॲन’, लगेच पुढच्या वाक्यात ‘द’. ‘फाइव्ह डॉक्टर्स’ म्हणजे पथकातले सगळेच, म्हणून ‘द’.

अ की ॲन : देवनागरीत लिहून बघा

इथे मराठी माणूस इंग्रजी पोरांपेक्षाही पुढे असायला हवा. नियम उच्चाराचा आहे आणि आपली लिपी उच्चाराची आहे. आर्टिकलच्या लगेच पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, ॲ, ऑ यांपैकी असेल तर ‘ॲन’. व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, अंब्रेला यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युनिट, युरोपियन, वन-वे यांना ‘अ’. स्पेलिंगमधला ‘एच’ किंवा ‘यू’ बघायचाच नाही.

लघुरूपांनाही तेच. एमबीए, एमएलए, एफआयआर, एनओसी, एलआयसी पॉलिसी, एक्सरे, एचएसएन कोड, एफओबी प्राइस यांच्यापुढे ‘ॲन’. यूपीएस, जीएसटी नंबर, यूएस डॉलर, सीआयएफ प्राइस, पीएचडी यांच्यापुढे ‘अ’. आकडाही अक्षरात म्हणायचा : ‘ॲन एट-फूट लूम’, ‘ॲन इलेव्हन ओक्लॉक मीटिंग’, पण ‘अ हंड्रेड टॉवेल्स’.

दोन ठिकाणी आपलाच उच्चार घात करतो. वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो, खरा उच्चार ‘यिअर’. म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हणजे कान. आणि बोलीत ‘एक’चं ‘येक’ होतं तसं इंग्रजी ‘एम’चं ‘येम’ झालं की ‘अ येमबीए’ बरोबर वाटायला लागतं. मराठी, तेलुगू आणि कन्नड शेजारी नांदणाऱ्या या गावात सुरुवातीचा ‘ये’ बराच ऐकू येतो. लिहिताना तो वगळून ऐका.

आर्टिकल जुळतं ते लगेच पुढच्या शब्दाशी, मग तो विशेषण का असेना : ‘अ टॉवेल’, पण ‘ॲन ओल्ड टॉवेल’. ‘ॲन ऑफिस’, पण ‘अ न्यू ऑफिस’. ‘द’ लिहिताना बदलत नाही, बोलताना स्वरापुढे ‘दि’ होतं : द टॉवेल, दि ऑफिस. आपल्याकडच्या बँका-सोसायट्यांच्या पाट्यांवर पुढचं अक्षर कुठलंही असो, ‘दि’ असतं. ती पाटी वाचून उच्चार शिकू नका.

गावं, नद्या, गाड्या

माणसाच्या, गावाच्या, तालुक्याच्या, चौकाच्या नावाला काही नाही : सोलापूर, बार्शी, पार्क चौक, सोलापूर डिस्ट्रिक्ट. नदीला ‘द’ : द भीमा, द सीना. धरणाला ‘दि उजनी डॅम’. तलावाला मात्र काही नाही : सिद्धेश्वर लेक. रेल्वेगाडीला ‘द’ : द हुतात्मा एक्सप्रेस, द सिद्धेश्वर एक्सप्रेस. स्टेशनला नाही : सोलापूर स्टेशन. ‘सोलापूर युनिव्हर्सिटी’ला नाही, पण ‘ऑफ’ आलं की हवं : ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. देशांत नाव अनेकवचनी असलं किंवा त्यात ‘स्टेट्स’, ‘किंगडम’, ‘एमिरेट्स’ असा शब्द असला की ‘द’ लागतं : द यूएसए, द यूके, द यूएई, द नेदरलँड्स. निर्यातीच्या कागदांत ‘टू यूएई’ सर्रास दिसतं. पत्त्याच्या रकान्यात ते ठीक, वाक्यात ‘टू द यूएई’.

‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं, ‘गो टू द स्कूल’ म्हणजे त्या इमारतीत जाणं, जसे पालक फी भरायला जातात. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय कुरियर’ उघडे. ‘ऑन द बस’ला ‘द’ हवं. बातम्यांचे मथळे आर्टिकल गाळतात, ते जागेसाठी. त्यांची नक्कल मेलमध्ये करू नये.

डझन, हजार आणि नग

‘अ’ अनेकवचनापुढे येत नाही म्हटलं, तरी ‘अ डझन टॉवेल्स’, ‘अ हंड्रेड रुपीज’, ‘अ फ्यू डेज’ बरोबर आहेत. तिथे ‘अ’ डझनला किंवा शेकड्याला लागलेलं असतं. आकडा आला की ‘डझन’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ यांना ‘एस’ लावायचा नाही : ‘टू डझन टॉवेल्स’, ‘फाइव्ह हंड्रेड पीसेस’. विशेषण म्हणून आलेलं नामही एकवचनी राहतं. म्हणून ‘अ टॉवेल फॅक्टरी’, ‘टॉवेल्स फॅक्टरी’ नव्हे. ‘अ टेन-डे डिले’, ‘टेन-डेज डिले’ नव्हे. दर सांगताना ‘अ’ म्हणजे प्रत्येकी : ‘नाइन्टी रुपीज अ पीस’, ‘ट्वाइस अ मंथ’. आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘वी हॅव फ्यू ऑर्डर्स’ लिहिलं की धंदा बसलाय असं गिऱ्हाईक समजतं.

एक मेल दुरुस्त करू

‘वी आर मॅन्युफॅक्चरर ऑफ टेरी टॉवेल इन सोलापूर. वी हॅव युनिट विथ ट्वेंटी-फोर लूम. यू आस्क्ड फॉर सॅम्पल. वी सेंट सॅम्पल बाय द कुरियर. सॅम्पल इज फाइव्ह हंड्रेड जीएसएम टॉवेल. प्लीज गिव्ह अ फीडबॅक. वी कॅन चेंज डिझाइन फॉर ऑर्डर ऑफ मोअर दॅन थाउजंड पीस.’

(जीएसएम म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन.) आधी फक्त नामांखाली रेघ मारा आणि वचन ठरवा. उत्पादक एक, टॉवेल अनेक, युनिट एक, लूम चोवीस, सॅम्पल एक, फीडबॅक न मोजता येणारा, डिझाइन एक, ऑर्डर एक, पीस हजारावर. त्यानंतर दुसऱ्या फेरीत आर्टिकल लावा. दोन्ही कामं एका फेरीत केली की काहीतरी निसटतंच.

‘वी आर अ मॅन्युफॅक्चरर ऑफ टेरी टॉवेल्स इन सोलापूर. वी हॅव अ युनिट विथ ट्वेंटी-फोर लूम्स. यू आस्क्ड फॉर अ सॅम्पल. वी सेंट द सॅम्पल बाय कुरियर. द सॅम्पल इज अ फाइव्ह हंड्रेड जीएसएम टॉवेल. प्लीज गिव्ह अस युअर फीडबॅक. वी कॅन चेंज द डिझाइन फॉर ॲन ऑर्डर ऑफ मोअर दॅन अ थाउजंड पीसेस.’

पहिल्या वाक्यात ‘वी’ आहे म्हणून ‘वी आर मॅन्युफॅक्चरर्स’ही चालेल. फर्म म्हणून लिहायचं असेल तर ‘अ मॅन्युफॅक्चरर’, भागीदार म्हणून लिहायचं असेल तर अनेकवचन. मधलं उघडं ‘मॅन्युफॅक्चरर’ तेवढं नको. ‘डिझाइन’ला पहिल्याच उल्लेखात ‘द’ मिळालं, कारण सॅम्पलवर डिझाइन असणार हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. ‘ऑर्डर’ला ‘ॲन’ मिळालं, कारण ती अजून आलेलीच नाही. ती आली की त्याच गिऱ्हाइकाला जाणारा पुढचा मेल ‘थँक यू फॉर दि ऑर्डर’ने सुरू होईल.